घोट्याच्या चार बोटं वर

तुर्भ्याच्या मार्केटात मी वजनकाट्यावर बसते.
आधी भरला टेम्पो, मग रिकामा,
वजाबाकी म्हणजे माल.
दिवसाला दीडशे पावत्या फाडते, चूक नाही.
तरी केणी बाईंनी विचारलं,
"दुखणं दहापैकी किती?"
आणि मला आकडा सुचेना.
मी रिकामी असते कधी,
की वजा करून सांगू?

आईकडे याला शब्द पुष्कळ होते.
कावळा शिवला. अडचण आहे. बाहेरची आहे.
एकाही शब्दात दुखत नव्हतं.
कोपरखैरण्यात, सिडकोच्या एका खोलीत
लांब तरी कुठे बसणार?
मी ओट्याशी उभी राहायचे,
भाकरी थापायच्या निमित्ताने
तव्याच्या उबेला पोट देऊन.

बाबांच्या पाठीला मात्र आमच्या घरात मान होता.
तीस वर्षं माथाडी, कांद्याच्या गोणी.
संध्याकाळी आधी पाठ घरी यायची, मागून बाबा.
तेल कोमट व्हायचं,
टीव्हीचा आवाज खाली यायचा,
पाठ निजलीय, हळू बोला.

त्या मंगळवारी काट्यावरच घाम फुटला.
दोन हमालांनी रिक्षात बसवून घरी पाठवलं.
बाबा पलंगावरून उठले,
म्हणाले, "माझी सहाची वेळ आहे सुयांची.
आज तू जा आत."
काय होतंय ते विचारलं नाही.
झेरॉक्सच्या दुकानावरचा तो अरुंद जिना,
एकाच बाजूला कठडा,
तो त्यांनी माझ्याकडे सोडला
आणि स्वतः भिंत धरून चढले.

रेश्मा दगडू शेलार, एकतीस, बाईंनी वहीत लिहिलं.
"पोट दुखतंय आणि सुई पायाला?"
"बटण दाराशी असतं," बाई म्हणाल्या, "पंखा वरती."
घोट्यापासून चार बोटं मोजली,
माझाच हात घेऊन, माझीच बोटं.
"माप तुझं. माझं चालत नाही."

सुई केसाएवढी.
आई ब्लाउज शिवायची तेव्हा सुई ओठांत धरायची.
ओठांत सुई असली की बोलता येत नाही.
आज कळतंय, ती शिवण संपल्यावरही
काढत नसावी.
दिवेलागणीला सुई कुणाला देऊ नये, म्हणायची.
बाई देत होत्या.
सव्वासहा, बाहेर ट्यूब लागल्या होत्या, एकेक करून सात.

टोचलं नाही. जड झालं.
काट्यावर गाडी चढते ना,
आकडे जरा थरथरतात, पुढेमागे होतात,
मग थांबतात. तसं.

गेलं का गं, शेजारची विचारते.
पहिल्या महिन्यात काही नाही.
दुसऱ्यात वाटलं, की वाटून घेतलं, ठाऊक नाही.
तिसऱ्यात गोळी घेतलीच.
चौथ्यात दुपारचा डबा पूर्ण खाल्ला,
ही मोठी गोष्ट, पण पावतीवर कुठे लिहिणार?
बाई शाबासकी देत नाहीत.
"हार्मोनचं रक्त तपास. सोनोग्राफी लांबवू नको,
माझ्या सुया तिथे बघू शकत नाहीत."
त्याच मला मोठ्या डॉक्टरकडे पाठवतात,
आणि पुढच्या मंगळवारची वेळही देतात.

आता आम्ही दोघं जातो.
मधे हिरवा पडदा.
अलीकडे मी उताणी, पलीकडे बाबा उपडे.
त्या दिवशी मी आधीच सांगून टाकलं, "सहा."
मोठ्याने. पडदा कापडाचाच असतो.
पलीकडे थोडा वेळ नुसता पंखा.
मग बाईंनी त्यांना विचारलं,
"शेलारमामा, दहापैकी किती?"

"पन्नास किलो," बाबा म्हणाले.

मी हसले, पोटातून.
सातही सुया हलल्या.
"हलू नको गं," बाई ओरडल्या,
आणि पलीकडची पाठही
हलत होती.