बॉटम चौदा इंच

चौदा इंच? मी म्हणालो, पाय आत जाणार कसा?
जातो, गोवर्धन म्हणाला, टाचेला साबण लावायचा.

एक्क्याऐंशीचा मे. साखर पेठेत सगळे माग चालू,
बोलायचं ते ओरडूनच.
कॉव्हेंट्रीहून आलेला मावसभाऊ
माझ्या कटिंगच्या टेबलावर फोटो मांडत होता,
रमीचे पत्ते मांडावेत तसे.
हे टेड: गुडघ्यापर्यंत कोट, मखमली कॉलर, केसांत अर्धी बाटली तेल.
हे मॉड: तीन बटणं, स्कूटरला आरसेच आरसे.
हे पंक. यांना शिंपी लागत नाही, सेफ्टी पिन लागते.
आणि हे टकलू, पँट घोट्याच्या वर, बूट केवढे बघ
इथं तो जरा थांबला.
यातले काही आपल्यासोबत नाचतात बे, काही मागं लागतात.
लांबून कळत नाही कोण कुठला.

आणि तू?
रॉकाबिली.
मला वाटलं, मिठाईचं नाव.

कॅसेट घातली. गाणी पंचावन्नच्या आसपासची,
ऐंशीच्या पोरांना नव्यानं चढलेली.
आपल्या जन्माआधीचं कसं काय आठवतं लोकांना,
म्हणून मी हसलो होतो. तेवीस वर्षांचा होतो.
आतून अप्पा ओरडले, कुणाचा माग बिघडलाय रे?
बिघडला नव्हता. उंच लाकडी बाजाची जाड तार
बोटानं खेचून सोडायची, ती फाटकन लाकडावर बसते,
धोटा पेटीत आदळतो तशी.
अप्पा बाहेर आले. अख्खं गाणं उभ्यानं ऐकलं.
म्हणाले, माग चांगलाय. कापड कुठाय?

कापड मी काढलं.
शाळेच्या ऑर्डरीतून उरलेला निळा ब्लेझर,
कॉलरला बँडवाल्यांच्या गणवेशातली मरून मखमल,
अस्तर कमी पडलं म्हणून आतून चादर लावली, मोराची.
त्रेचाळीस डिग्रीत तो कोट घालून
गोवर्धन नवी पेठेतून पार्क चौकापर्यंत गेला.
मागं पोरांची वरात.
एकानं विचारलं, कुठल्या बँडात वाजवता?
तो खूश. म्हणाला, इथं निदान विचारतात.

नोव्हेंबरात पत्र आलं.
क्लबच्या दारात जुन्या टेड लोकांनी कॉलरवर हात फिरवला,
शिलाई चांगलीय म्हणाले,
पण हा कोट तुझा नाही.
बाहेर काळ्यापांढऱ्या चौकटीचा टाय लावलेला एक पोरगा उभा होता,
बाप जमैकाचा. तो म्हणाला, आतून दाखव.
दिव्याखाली कोट उघडला. मोर.
मग ते दुसऱ्याच तळघरात गेले. तिथला ठेका उलटा,
आपण जिथं श्वास घेतो नेमका तिथं पडणारा.
मॉड होते, दोन पंक, एक टकलूसुद्धा,
सगळे एकाच भिंतीला टेकून घाम पुसत होते
असं त्यानं लिहिलं होतं. दोनदा लिहिलं होतं.

पुढच्या हिवाळ्यात पार्सल.
नुसती एक बाही. खांद्यातून फाटलेली.
सोबत चिठ्ठी: शिवून ठेव, येतो.
कुणी ओढली ते लिहिलं नव्हतं.

मी शिवून ठेवली.
मावशीला विचारलं की ती चहा ठेवायला उठायची.
नंतर मावशीही गेली, मग विचारायचंच राहिलं.
गिरण्यांचे भोंगे बंद पडले. मी मात्र
अजून बोटांवर मोजतो, कोण किती इंचाचा होता.
कधी न पाहिलेल्या त्या तळघराची भिंत
मला आपल्या गल्लीसारखी आठवते.

परवा एक पोरगा मोबाइल घेऊन आला.
काका, बॉटम बारा.
टाचेला साबण लावायचा, मी म्हणालो.
तो बघतच राहिला.

रात्री शटर अर्धं ओढून ती बाही हातात चढवली.
गोवर्धनचे हात लांब होते.
माझी बोटं आतच राहतात,
चादरीचं सूत अजून खरखरीत,
चोच कुठाय ते अंधारातही लागतं.