घट

शालन सुर्वे, वय त्रेचाळीस. काल गर्भपिशवी काढली.
आज कुशीत कळ, सोनोग्राफीत डावी किडनी फुगलेली.
मूत्रनलिका माझ्या टाक्यात आवळली गेली होती.
हे वाक्य मी बाथरूममध्ये चारदा म्हणून पाहिलं.
दर वेळी ‘माझ्या’ हा शब्द नळाच्या आवाजात जायचा.

मिरजेचे डॉक्टर फोनवर म्हणाले, सकाळीच आणा.
नवरा सेलमहून निघाला होता,
मध्यरात्री विट्यात शेवटची टपरी बंद झाली
तेव्हा तो बेळगावच्याही पलीकडे होता.

वकील म्हणाले, सॉरी म्हणू नका, नडतं.
शेजारचे डॉक्टर म्हणाले, गेटवर दोन पोलीस ठेवा,
मागच्या वर्षी माझ्या काचा गेल्या.
बिल्किस सिस्टर म्हणाली,
मॅडम, उभ्यानं सांगू नका. खुर्ची घ्या.
आणि ते पेन ठेवा आधी, कवाधरनं टकटक करताय.

भूल देणारे गोंजारी सर घरी गेलेच नाहीत.
भडंगाचा पुडा फोडून मधे ठेवला.
बऱ्याच वेळानं म्हणाले,
अठ्ठ्याण्णव साली माझ्या टेबलावर एक पोरगं गेलं. हर्नियाचं.
त्याची आई पुढच्या बाकावर बसलेली,
मी मागच्या दारानं स्कूटर काढली.
एवढंच.
पुडा सकाळपर्यंत सादळला.

पाच वाजता तो आला.
शर्टाला तेजाबाचा वास, बोटं पिवळी.
मी खुर्ची घेतली.
म्हणाले, नलिका आवळली गेली.
मग थांबले. म्हणाले,
नलिका मी आवळली. चूक माझी.

तो फरशीकडे बघत राहिला.
‘कळलं किती वाजता?’
सातला.
‘मला फोन साडेसातला.’
हो.
‘आमच्या गलाईत घट येती, डॉक्टर.
मुशीत घातलं तेवढं सोनं कधीच निघत नाही.
पण घट शेटला रात्रीच सांगायची.
सकाळी सांगितली
की तिला घट म्हणत नाहीत.’

माफ केलं, असं तो म्हणाला नाही.
किडनी ऱ्हाईल का, विचारलं.
माहीत नाही, म्हणाले. मी सोबत येते मिरजेपर्यंत.
‘यायलाच लागतंय,’ तो म्हणाला,
आणि तोंड धुवायला गेला. नळ खूप वेळ चालू होता.

तासगाव मागे पडलं.
तो पुढे, ड्रायव्हरशेजारी.
शालन डोळे मिटून होती, मला वाटलं झोपली.
‘मॅडम,’ ती म्हणाली,
‘ह्यास्नी सांगितलं. सिस्टरला ठावं. त्या भूलवाल्या सरास्नी ठावं.
हाय माझ्या अंगात.
मग मला कोण सांगायचं?’

ॲम्ब्युलन्समध्ये खुर्ची नव्हती.
मी खाली पत्र्यावर बसले, स्ट्रेचरचा दांडा धरून,
तिच्या तोंडाच्या उंचीवर,
आणि पहिल्यापासून सुरू केलं.