उशिराचे नऊ सेकंद

क्लाक्सविकच्या धक्क्यावर पहाटे पाचला
मासळीचा लिलाव सुरू होतो
आणि भिंतीवरच्या पडद्यावर भाव
नऊ सेकंद उशिरा उमटतो.
नऊ सेकंदांत हॉग्नीच्या दोन शिव्या होतात,
एक मला, एक देवाला.
कॉडला काही फरक पडत नाही,
तो बर्फावर तोंड उघडं टाकून पडलेला.

मी वर, खोक्यांच्या गोदामावरच्या खोलीत.
काळ्या खिडकीत पांढरे आकडे.
प्रोसेसर जवळजवळ रिकामा,
मेमरी भरपूर,
स्वॅपला कुणी बोटही लावलेलं नाही,
आणि तरी लोड चौदा.
म्हणजे घरात राबणारं कुणीच नाही
आणि दाराशी चौदा जण ताटकळलेले.

आधी मी समुद्राखालच्या केबलवर आळ घेतला.
उगाच.
एल्सपा म्हणाली, नवा सर्व्हर घेऊन टाकू, मार्यून.
मी म्हटलं, पेशंट बदलून
दुखणं जातं का?

त्या चौदांच्या नावापुढे डी हे अक्षर.
डी म्हणजे डिस्कची वाट बघता बघता लागलेली झोप.
ती हाकेने मोडत नाही.
ठार करायचा हुकूमसुद्धा तिच्या उशाशी
चपला काढून गुपचूप उभा राहतो.

मग कोण बसलंय डिस्क अडवून?
यादीच्या पार तळाशी
अकराशे दिवस न थांबलेलं एक पिटुकलं काम.
मालक: याकुप.
ज्याच्या खुर्चीत मी बसते, तो.
दर मिनिटाला बंदरातल्या पाण्याचं तापमान टिपायचं
आणि दर वेळी अख्खी वही
पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहून काढायची.
पहिल्या दिवशी वही एका ओळीची होती.
आता पंधरा लाखांच्या वर.

फोन केला. पलीकडे मेंढ्या ओरडत होत्या.
अगं, ते अजून चालू आहे? म्हणाला,
आणि बराच वेळ नुसत्या मेंढ्याच.
मग: आज पाणी किती आहे?
सात पूर्णांक दोन.
हं, म्हणाला. या दिवसांत बरं आहे.

मारून टाकायला एक ओळ पुरली असती.
मी दोन लिहिल्या.
एक: नवा आकडा फक्त शेवटी जोड,
जुनं उगाळू नकोस.
दुसरीत त्याचा नाइस एकोणीस केला.
या यंत्राचा कायदा असा,
जो जितका सभ्य, तितका मागे उभा राहणार,
आणि एकोणीसच्या पुढे
सभ्यता जात नाही.

दुसऱ्या दिवशी लोड शून्य पूर्णांक चार.
भाव वेळेवर उमटला.
हॉग्नीने शिवी हासडली,
या खेपेला भावालाच.
कॉफी गरम असताना प्यायले, कितीतरी दिवसांनी.

आणि सगळ्यांचं झाल्यावर
रांगेच्या शेवटून कुणीतरी
वहीत हळूच लिहिलं:
सहा पूर्णांक नऊ.