चौदा ऑगस्ट

मोन्तेविदेओत जुलैअखेर बोटं गारठतात.
नदी समुद्राएवढी, रंग फार उकळलेल्या चहाचा.
आयदेच्या एका हातात मातेचा तुंबा,
समोर साल्तोच्या दातांच्या दवाखान्याची तक्रार.
नवी रिसेप्शनिस्ट विचारते आहे:
चौदा ऑगस्टची अपॉइंटमेंट का लागत नाही?

बुकिंगचं मॉड्यूल ओविदियोनं लिहिलेलं.
कुठंही न्या, कुठंही लावा, म्हणाला
आणि नोकरी सोडून गेला.
तेव्हापासून ते दवाखान्यात आहे, दोन सलूनांत,
एका फुटबॉलच्या मैदानावर.

ती फाईल उघडते.
चौथ्या ओळीत मॉड्यूल
हळूच मागे हात लांबवून
कार्मेलोच्या बोटवाल्यांच्या प्रोजेक्टमधून
सुट्ट्यांची यादी इम्पोर्ट करतं.

म्हणजे नव्या घरी नांदायला आलं
तरी जुन्या घराची किल्ली कमरेलाच.
म्हणजे दवाखान्याच्या सर्व्हरवर
अख्खी फेरीबोट नांगर टाकून पडलेली,
तिकीटदर, लाइफजॅकेटं, भरतीचं वेळापत्रक,
सगळं एका यादीपायी.

यादीत नववर्ष, कामगार दिन, नाताळ.
आणि चौदा ऑगस्ट. पुढे कॉमेंट नाही.

ती कार्मेलोला फोन लावते.
त्या दिवशी आम्ही बोट काढत नाही,
डोन्या एल्बा म्हणते.
एवढंच.
मग बराच वेळ फोनमध्ये कुठलंतरी इंजिन वाजत राहतं.

आयदे चौथी ओळ पुसते.
मॉड्यूलला बजावते: तू कुणाकडे मागायला जायचं नाही.
ज्याच्या घरी असशील तो पानात वाढेल ते घे,
नाही वाढलं तर रिकाम्या यादीवर भागव.
तारीख बोटवाल्यांच्या सेटिंग्जमध्ये नेऊन ठेवते,
जिची तिथं.
टेस्ट हिरव्या होतात. ती घरी जाते, झोपते.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत
चौदा तारखेला अकरा पेशंट लागलेले
आणि फोनवर डॉक्टर एचेवेरी स्वतः.
माझी सुट्टी कुणी खाल्ली?
मी तर ती सरकारी समजत होतो.
तीन वर्षं त्या दिवशी भाऊ आणि मी
नदीवर गळ टाकून बसतो.
एरवी आम्ही बोलत नाही.

तुंब्यातलं पाणी निवून गेलं.
ती दवाखान्याची सेटिंग्ज उघडते,
तीच तारीख पुन्हा टाइप करते, या वेळी दवाखान्याच्या नावावर,
आणि वर एक कॉमेंट:
डॉक्टरांची. मासे.

मग बोटवाल्यांची फाईल उघडते.
कर्सर लुकलुकत राहतो.
तिथं काय लिहावं, तिला कळत नाही.