कंदील

मिरजेहून मेणाचा ठोकळा कुरिअरने पुण्याला गेला.
आत बाबांच्या मूत्रनळीचा तुकडा,
हरभऱ्याच्या डाळीएवढा.
पाकिटावर भूपाल आदगोंडा मगदूम, वय एकसष्ट.

डॉक्टर म्हणाल्या, तीन आठवडे.
मग पेनचं टोपण लावता लावता:
घरात आणखी कुणाला?
नाही, म्हणाले बाबा.
मी म्हटलं, थोरली आत्या, गर्भपिशवीचं काहीतरी होऊन, चाळिशीत.
हुपरीचे काका, आतड्याचा.
बाबा भिंतीवरचा किडनीचा तक्ता वाचत बसले,
जशी मी चारचौघांत जुनी उधारी काढली.

हरिपूरला हळदीचं पेव उघडलं की
लगेच कुणी उतरत नसे.
दोरीला बांधून आधी कंदील सोडायचे.
विझला तर थांबायचं.
बाबा काठावर पालथे, भुवया पिवळ्या,
मला म्हणायचे, मागं सर.

अहवाल आला. अक्षरं नि आकडे,
ट्रकच्या नंबरासारखे.
गाठीत आहे ते रक्तातही आहे, म्हणाल्या,
म्हणजे जन्मापासून, म्हणजे आजोबांकडून किंवा आजीकडून,
म्हणजे तुम्हाला निम्मी शक्यता.
औषध निवडायला याचा उपयोग होईल, असंही काही म्हणाल्या.
जमिनीच्या हक्कसोडपत्रावर मी सही केली त्याला नऊ वर्षं झाली.
इथे तसा कागद नसतो.

विश्रामबागच्या सिग्नलला रिक्षा थांबली
तेव्हा बाबा एवढंच बोलले,
धाकट्याला मी सांगतो, तू नको.

आज माझी बाही वर.
सिस्टर म्हणतात, मूठ आवळा.
बाबा दाराशी, वाकून बघतायत,
नळीत रक्त चढतं तसतसा
कंदील खाली,
अजून खाली.