इतर (नमूद करावे)

प्रश्नावली बत्तीस प्रश्नांची होती,
विद्यापीठात तीनदा तपासलेली.
प्रश्न अकरा : बातमी तुम्हाला आधी कुठून कळते?
रेडिओ. टीव्ही. पेपर. मोबाईल. इतर (नमूद करावे).

मानवतला, बाजार समितीमागच्या गल्लीत
केवळाबाई म्हणाल्या, "गिरनीतून की."
मी 'इतर'वर खूण केली.
"आणि सूनबाईंना?"
सून दाराआड. सासरे बाजेवर, खोकत.
"तिला काय कळतंय मॅडम," ते म्हणाले.
रकाना : माहीत नाही.
शहाऐंशी घरांतल्या एकोणपन्नास बायकांना
काहीच माहीत नव्हतं.
टक्केवारी सुंदर निघाली असती.

चाऊसच्या गिरणीत शिरले ते, खरं सांगायचं तर,
ऊन फार होतं म्हणून.

पहिल्या वर्षी फळ्यावर काढलेली आकृती :
डावीकडे बोलणारा, उजवीकडे ऐकणारा,
मधे बाण, आणि बाणाला आडवा येणारा गोंगाट,
एक वाकडीतिकडी रेघ.

इथे सगळी ती रेघच.
पट्टा फटफटत होता, भुवया पिठानं पांढऱ्या,
बायका एकमेकींच्या कानाला लागून बोलत होत्या
आणि दोन हातांवरच्या तिसरीला
एक अक्षर जात नव्हतं.

मग लाईट गेली.
जातं गरगरत, दमत, थांबलं.
अडथळा संपला. आकृतीप्रमाणे
आता निरोप स्वच्छ पोचायला हवा.
एकीनंही तोंड उघडलं नाही.
डब्यांची झाकणं बसली.
कुणीतरी ज्वारीचा भाव विचारला,
मोठ्यानं, कुणालाच नाही.

"ठैरो मॅडम, आती लाईट," चाऊस म्हणाला.
याच्यासमोरून काय काय गेलं असेल
आणि हा कसा फक्त पट्ट्याकडे बघत राहतो,
हे मी वहीत लिहिलं.
मग खोडलं.

लाईट आली.
शेजारचा डबा सरकला. तीच सून.
तोंड माझ्या कानाशी.
अकरा नाही, बारा नाही,
माझ्या बत्तिसात नसलेल्या प्रश्नाचं उत्तर
तिनं पुरं दिलं, तारखांसकट.
शेवटी म्हणाली, "लिहू नगा बरं."

रात्री लॉजवर 'माहीत नाही' तेवढं खोडरबरानं पुसलं.
कागद जरा फाटला.

मार्गदर्शक सरांनी गठ्ठा चाळला.
"हे रिकामं कसं? निदान इतर तरी करायचं.
आणि नमूद करायचं."

त्यांच्या खोलीत फार शांतता होती.
पंखासुद्धा नवा, बिनआवाजाचा.