निशाणी सतरा

बाटली फेणीची. लेबल शाबीनं नखांनी खरवडलेलं,
तरी काजूच्या पानाचा एक कोपरा
काचेला धरून राहिलाय.
आत तिच्या विहिरीचं पाणी, भर श्रावणात काढलेलं,
तोंडाला कापसाचा बोळा, वर मेणबत्तीचं मेण.
कोर्टाच्या शिपायानं गळ्यात चिठ्ठी बांधली:
निशाणी सतरा.

दोरही मागितला होता मी.
बादलीकडे काथ्या, सासऱ्यानं वळलेला,
मग निळं नायलॉन, मग लुगड्याचा काठ पिळून,
मग पुन्हा नायलॉन, कंपनीच्याच फाटक्या ताडपत्रीचं.
खाण खाली गेली तसतशी
दर उन्हाळ्याला एक गाठ.
भूगर्भातल्या पाण्याचा याहून सरळ आलेख
मी एकाही तज्ज्ञाच्या अहवालात पाहिला नाही.
शाबी म्हणाली, "दोर तूं व्हरशी जाल्यार
फाल्यां उदक कितें हातान काडूं?"
फोटो काढला.
फोटोत गाठी नीट दिसत नाहीत.

वादी क्रमांक दोन, पुनो वेळीप, तिसऱ्या वर्षी वारला.
मी अर्ज केला: मयताचा वारस अभिलेखावर घ्यावा.
वारस म्हणजे थोरला मुलगा,
कंपनीच्या धक्क्यावर टिपर चालवतो.
पेन धरण्याआधी त्यानं हात पँटीला पुसला,
तरी सहीशेजारी अंगठा उमटलाच
तांबडा, शाई न लावता.
"सायबाक कळटलें," एवढंच म्हणाला,
आणि दुसऱ्या प्रतीवरही सही केली.

वादी क्रमांक पाच, रोजारियो, यानं नाव मागे घेतलं.
फोनवर बराच वेळ नुसता श्वास.
मग, "चेडवाचें काजार आसा, बाय."
दोन दिवस मला त्याचा राग होता.
तिसऱ्या दिवशी माझ्या स्कूटरचा हप्ता भरताना
गेला.

समोरचे वकील मुंबईहून विमानानं येतात.
तीन ज्युनिअर, चाकांच्या बॅगा.
माणूस भला, जिन्यात भेटला की
माझ्या आईचा गुडघा कसा आहे ते विचारतो.
त्या दिवशी उठून म्हणाला,
"युवर ऑनर, निशाणी सतरा पाहावी.
पाणी आरसपानी आहे."

आणि होतंच.
चार वर्षं मडगावच्या लोखंडी कपाटात उभं राहून
सगळं तांबडं तळाशी बसलं होतं, बोटभर,
वर इतकं नितळ पाणी
की पलीकडचा पंखा त्यातून फिरताना दिसत होता.

माझ्याकडे सोळा मुद्दे होते, तीन निवाडे,
पानांना पिवळ्या चिठ्ठ्या.
एकही आठवेना.
परवानगी मागितली. बाटली उचलली.
आडवी केली. मग उलटी.
बुडातून एक धागा सुटला, मग दुसरा,
मग शेत, मेर, कुळागर,
पुनोच्या पोफळींची करपलेली मुळं,
सगळं मिळून
एक लाल ढग काचेत चढत गेला
आणि पंखा दिसेनासा झाला.

टायपिस्टची बोटं थांबलेली.
"काय लिहू, सर?"
न्यायाधीशांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.
"लिहा. वादींच्या वकिलांनी
बाटली हलवली."

पुढची तारीख बावीस.
व्हरांड्यात शाबी खांबाला टेकून उभी,
पायात कोर्टासाठी राखलेल्या चपला.
खटल्याचं काही विचारलं नाही तिनं.
"बाटली परती मेळटली न्ही गे?
काचेची आशिल्ली. तेलाक बरी."
म्हटलं, निकालानंतर. नाही, अपिलानंतर.
अपिलावरही अपील असतं, ते मी गिळलं.
तिनं मान हलवली, जणू मी
पुढच्या आठवड्याच्या बाजाराचं बोलत होते.

तिला सांग्याची तीनची कदंबा गाठायची होती,
काळोखाआधी दोर सोडायचा होता.

मी खाली चहाला गेले.
वर कपाटात
निशाणी सतरा
पुन्हा निवळायला लागली असेल.